‘त्याला नेमकं काय म्हणालात?’

कॅम्पस इंटरव्ह्यू घ्यायला बसलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकच गोष्ट पंधरा तोंडांतून ऐकावी लागते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, चौघांची टीम, त्यातला एक काम करत नव्हता. ‘मग मी त्याला विश्वासात घेतलं, सर, मोटिव्हेट केलं आणि प्रोजेक्ट वेळेत सबमिट झाला.’ हा कामचुकार चौथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. तो स्वतः मात्र इंटरव्ह्यूला कधीच कसा येत नाही, देव जाणे.

तसा तो जुनाच आहे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं, ते १९१३ साली छापून आलं. आठ जण एकत्र ओढायला लागले की माणशी जोर निम्म्यावर येतो. थोडा ताळमेळ नसतो म्हणून, थोडी अंगचोरी म्हणून.

गाडी अडते ती पुढच्या प्रश्नाला. ‘विश्वासात घेतलं म्हणजे त्याला नेमकं काय म्हणालात?’ इथे पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

प्रसंग, जबाबदारी, कृती, निकाल हा उत्तराचा साचा सगळ्यांना पाठ असतो, चुकतं ते वाटपात. दोन मिनिटांच्या उत्तरातलं दीड मिनिट गाईड मॅडम, एचओडी (विभागप्रमुख) आणि बंद पडलेला सर्व्हर खातात. खरं तर प्रसंग वीस सेकंदांत संपवावा, जबाबदारी एका वाक्यात, आणि निदान एक मिनिट स्वतः काय केलं त्याला द्यावं. निकालात एखादा आकडा हवाच. ‘सगळे खूश झाले’ हा निकाल नव्हे. घरी मोबाइलवर टायमर लावून मोठ्याने बोलून बघा; मनातल्या मनात उत्तर नेहमी छोटंच वाटतं.

‘मी मी करू नये’ हे संस्कार इथे नडतात. आम्ही ठरवलं, आम्ही केलं. पण आमच्या मूल्यांकनाच्या फॉर्मवर गुण एकट्या तुम्हाला द्यायचे असतात. याउलट ‘शेवटी सगळं मीच केलं’ म्हणणारा नेतृत्वात तरतो आणि टीमवर्कमध्ये बुडतो.

वैताग असा, की खरा माल हीच मुलं लपवतात. गणेशोत्सवात वर्गणीची दहा पावतीपुस्तकं वाटली, दोन परत आली नाहीत, मांडववाला दारात उभा. पुस्तकं ज्याच्याकडे अडकली त्याला चारचौघांत न बोलता कसं गाठलं, काय विचारलं, किती रुपये जमा झाले? यात नेतृत्व आहे, भांडण आहे, आकडाही आहे. पण मंडळाचं नाव काढणं गावंढळ वाटतं, म्हणून पुन्हा तो चौथा मुलगा.

शेवटी आम्ही विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नाही सर’ म्हणू नका. ‘तुमच्या टीममध्ये शेवटचा वाद कशावरून झाला आणि तो मिटवला कुणी?’ असं विचारा. मग आम्ही तिघं पॅनेलवाले एकमेकांकडे बघू.