अक्षता गेल्या कुठे?

आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये कोणीच धड दिसत नाही, आणि म्हणूनच गेली तीस वर्षं आमच्या घराण्यात शांतता होती. मे १९९४, चिपळूण, कार्यालयात पाय ठेवायला जागा नाही, हॅलोजनचा दिवा घेतलेला एक पोऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर भर दुपार पाडत हिंडतोय आणि शूटिंगवाला दर दोन मिनिटांनी भटजींना मंत्र थांबवायला लावतोय, असा तो सोहळा. कॅसेटवर त्यातलं उरलं ते एवढंच: लालसर ढग म्हणजे नवरी, पांढुरका ढग म्हणजे मी, आणि मधे हलणारं पिवळं ते भटजी. बाकीच्यांची ओळख अंगकाठीवरून पटवायची. 'ती मामी.' 'छे, मामी एवढी बारीक कधी होती?' इथवर चर्चा आली की कोणीतरी चहा टाकायला उठायचं.

कॅसेट चिपळूणच्या घरी माळ्यावर होती. जुलै २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं, अल्बम लगदा होऊन बाहेर आले, माळ्यावरची कॅसेट तेवढी वाचली. वाचली म्हणजे बुडाली नाही इतकंच. कोकणातल्या ओलीने फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. बरं, लावायची कशात? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये हात वर केले. शेवटी पुण्यात एका गल्लीतल्या माणसाने बुरशी पुसून, त्याच्याकडच्या जुन्या यंत्रावर कॅसेट चालवून सगळं पेन ड्राइव्हवर भरून दिलं. देताना म्हणाला, "काका, आहे ते आहे. यात मी काही करू शकत नाही." सज्जन माणूस. त्याचं ऐकून तिथेच थांबायला हवं होतं असं बायको हल्ली रोज म्हणते.

पण घरात पुतण्या आहे. ओंकार. इंजिनिअर.

"काका, एआयने करून देतो. फोर-के. सेकंदाला साठ फ्रेम. भटजींच्या नाकावरचा घाम दिसेल."

भटजींच्या नाकावरचा घाम बघायची इच्छा आमच्यापैकी कोणी आजवर बोलून दाखवली नव्हती. पण ओंकारने पुरावा म्हणून मोबाइलवर सिनेमाच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्यूमिए बंधूंची ती स्टेशनात शिरणारी आगगाडी दाखवली. १८९६ सालच्या प्रेक्षकांनी पाहिलेली गाडी, २०२० मध्ये एकाने एआयने फोर-के करून नेटवर टाकलेली. फलाटावरच्या बायकांच्या झग्यांच्या चुण्या मोजून घ्याव्यात इतकी लख्ख. आई म्हणाली, "एवढी जुनी गाडी दिसते, मग तुमचं लग्न तर परवाचंच आहे."

इथेच गोम होती. गाडी फिल्मवर घेतलेली आहे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर तपशील ठासून भरलेला असतो, तो फक्त वर काढायचा. आमचं लग्न व्हीएचएसवर, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या फितीवर. त्यात आडव्या दिशेला जेमतेम २४० रेषांइतकाच बारकावा मावतो, आणि रंगाच्या वाट्याला तर त्याहून फारच कमी येतो. म्हणून तर बायकोच्या शालूचा लाल रंग शेजारी बसलेल्या मामांच्या अर्ध्या तोंडावर सांडलेला आहे. थोडक्यात, शंभर वर्षं आधीच्या त्या फ्रेंच बायकांचं चित्रण आमच्यापेक्षा चांगलं झालं होतं. हे बायकोला सांगितलं तर तिने शूटिंगवाला कोणी ठरवला होता असं विचारलं. मी विषय बदलला.

हिशेबही बघा. पेन ड्राइव्हवरच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०. भागाकार केला की बरोबर वीस येतात. म्हणजे मोठ्या चित्रातल्या दर वीस ठिपक्यांमागे एक आपला, एकोणीस यंत्राच्या मनचे. यंत्राने लाखो चित्रं पाहिलेली असतात. अशा धुक्यामागे बहुधा काय असतं याचा ते अंदाज बांधतं आणि रंगवून मोकळं होतं. पत्ता विचारला की 'माहीत नाही' न म्हणता छातीठोकपणे डावीकडे हात करणारे गृहस्थ आपल्याकडे चौकाचौकात असतात, त्यांच्यातलंच हे एक.

काळाचं गणित आणखी निराळं. तीन तासांची कॅसेट, सेकंदाला पंचवीस फ्रेम, एकूण २,७०,०००. ओंकारच्या कॉम्प्युटरला एका फ्रेमला एक सेकंद लागत होता. झाले पंच्याहत्तर तास. आमचं लग्न एवढं चाललं नव्हतं. खोलीत त्या डब्याच्या पंख्याची घरघर आणि उकाडा. ओंकारच्या आईने दुसऱ्या दिवशी तिथे दोरी बांधून कपडे वाळत घातले. मधेच लाइट गेली आणि लग्न सीमांतपूजनापासून पुन्हा सुरू झालं.

पहिल्या खेपेला जे बाहेर आलं त्यात सगळ्या पुरुषांची धोतरं पट्ट्यापट्ट्यांची होती. याचं कारण असं की जुन्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात विषम रेषा, एकात सम. माणूस हलला की दोन अर्धुकं जुळत नाहीत आणि कडेला फणीचे दात दिसतात. ते दात आधी काढायचे आणि मग चित्र मोठं करायचं, असा क्रम आहे. तो चुकला की यंत्र दातांनाच कापडावरचं नक्षीकाम समजतं आणि मन लावून विणत बसतं. स्थिर बसलेल्यांची धोतरं शुभ्र, लगबग करणाऱ्यांची चट्टेरीपट्टेरी. कामाला कोण होतं आणि लोडाला टेकून कोण होतं, याचा असा रोखठोक निवाडा आमच्याकडे पूर्वी झाला नव्हता.

ओंकारने क्रम सुधारला. मग अक्षता गेल्या.

व्हिडिओतला कचरा काढायची यंत्राची रीत साधी आहे. एखादा ठिपका या फ्रेममध्ये आहे, मागच्या फ्रेममध्ये नव्हता आणि पुढच्या फ्रेममध्येही नाही, तर तो कचरा. जुन्या फितीवर असले पांढरे ठिपके उडतच असतात. आता हवेतून येणारी अक्षता याहून वेगळी काय वागणार? 'शुभमंगल सावधान' होतं, दोनशे हात वर जातात, मुठी उघडतात आणि त्यांतून काहीही पडत नाही. अख्खं कार्यालय आम्हा दोघांना हाताने 'जा, जा' करतंय असं दिसतं. आई गंभीर झाली. अक्षता पडल्याच नाहीत तर लग्न लागलं का, असा तिचा प्रश्न होता. बायको म्हणाली, "मला आधी सांगायचंत."

मुंडावळ्यांचं तर विचारूच नका. दोन्ही गालांवर मोत्यांच्या सरी म्हणजे काय हे त्या यंत्राच्या शिक्षणात आलेलं नसावं. त्याने माझ्या मुंडावळ्या गालात जिरवून कल्ले केले. बायकोच्या नथीचं तर मिशीचं एक टोक झालं, एकच, डावीकडचं. मागे थर्माकोलची अक्षरं कापून आमची नावं लावली होती. जवळून पाहिलं तर तिथे आता वळणदार, सुबक, ठसठशीत लिपी आहे आणि ती पृथ्वीवर कोणालाच वाचता येत नाही. पंगतीत वाढप्याच्या हाताला सात बोटं आहेत. मला हे पटण्याजोगं वाटलं. त्या दिवशी जिलबी ज्या वेगाने वाढली जात होती, त्याला पाच बोटं पुरली नसतीच.

एवढ्यावर भागलं असतं, पण ओंकारला चेहऱ्यांचं वेगळं मॉडेल, म्हणजे फक्त चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र, सापडलं. चेहरे दुरुस्त करणारी अशी बरीच मॉडेलं फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवरून गोळा केलेल्या ७०,००० फोटोंच्या एका संग्रहावर शिकलेली असतात. फोटो काढून घेताना माणसं हसतात, केस नीट करतात, दात दाखवतात. जेवायला बसण्यापूर्वी कवळी काढून उपरण्याच्या टोकाला बांधणारे माझे आजोबा त्या संग्रहात कुठून असणार? तेव्हा यंत्राने त्यांना बत्तीस दात दिले. शुभ्र. आजोबा पहिल्या पंगतीत मठ्ठ्याचा घुटका घेतात आणि मान वळवून असे हसतात की ते आता आपल्याला एखादी गुंतवणूक योजना समजावून सांगतील. आत्तेभाऊ म्हणाला, हे आजोबा नव्हेत, हा कोणीतरी स्वीडनचा आहे. त्याचं फार चुकलं नव्हतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचं असंच एक मॉडेल लोकांनी चालवून पाहिलं, तेव्हा ओबामांच्या धूसर फोटोतून एक गोरा गृहस्थ निघाला होता. तिथे राष्ट्राध्यक्षांचं हे झालं, तर आमच्या आजोबांचा काय पाड.

गंमत म्हणजे बायकांची काहीच तक्रार नव्हती. सुरकुत्या, देवीचे व्रण, उन्हाने रापलेपण, सगळं गेलं होतं. मोठ्या काकूंनी स्वतःला ओळखलं नाही, पण 'ही कोण गं देखणी?' असं विचारलं, आणि तुम्हीच म्हटल्यावर ती क्लिप तेवढी वेगळी पाठवायला सांगितली.

पुरुष मात्र भांडले. आमच्याकडे एक तांब्याचा वाद आहे. धाकट्या काकांनी आहेरात चांदीचा तांब्या दिला असं ते म्हणतात. आहेराच्या वहीत आईच्या अक्षरात 'स्टील, तांब्या, १' असं आहे. कॅसेटमध्ये काकांच्या हातात काहीतरी करडं होतं. नव्या व्हिडिओत त्या करड्याला उजळा मिळाला, काठावर नक्षी आली आणि हॅलोजनच्या उजेडात ते असं चकाकलं की काकांनी रिमोट हिसकावून चित्र तिथेच थांबवलं.

"आता? आता तरी पटलं?"

ओंकार मधे पडला. म्हणाला, "काका, हे पुराव्यात चालत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइलचा व्हिडिओ आणला होता, तो न्यायाधीशांनी नाकारला. मुळात नसलेले ठिपके यंत्र घालतं म्हणून."

"खुनाचं सोड. तांब्याबद्दल काय म्हणाले ते सांग."

आईने आतून वही आणली. काकांनी चष्मा काढून ठेवला. त्या रात्री जेवणं दोन पंगतींत झाली.

हे सगळं निभावलं असतं. पण ओंकारचं म्हणणं, चित्र सुधारलं तर आवाज का नाही? आवाजाचीही साधनं असतात. माणसाचं बोलणं वेगळं काढतात, बाकीचा गोंगाट पुसतात. आता लग्नात गोंगाट कोणता, हे यंत्राने ठरवलं. सनई गोंगाट, ताशा गोंगाट, पंखे गोंगाट, आणि लांबून सुरात येणारी मंगलाष्टकं हीसुद्धा गोंगाटच. हे सगळं विरलं आणि कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंचा आवाज स्वच्छ, ठणठणीत, दिवाणखान्यात आला.

"हुंडा घेतला नाही म्हणतात गं. मग नवी स्कूटर काय आभाळातून पडली? आणि मुलगी रंगाने... असो. आपल्याला काय, जेवायचं नि जायचं."

पडद्यावर आम्ही एकमेकांना हार घालत होतो.

चेहरे सगळे खोटे, दात खोटे, तांब्या खोटा. एवढा आवाज मात्र अस्सल. आणि तो कोणाचा, हे ओळखायला एआय लागत नव्हतं. मामी सोफ्यावर माझ्या बायकोच्या शेजारीच बसल्या होत्या. तीस वर्षं त्या बाईने आमच्याकडे हक्काने उन्हाळे काढले, बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळून आणले. त्यांनी शांतपणे पदर सावरला आणि म्हणाल्या, "हे यंत्र काहीही बोलतं. आत्ताच नाही का तुम्ही म्हणालात, मनचं घालतं म्हणून?"

युक्तिवाद बिनतोड होता. ओंकार तोंड उघडणार होता. मी त्याला पाणी आणायला पाठवलं. बायको म्हणाली, "स्कूटर हप्त्यांवर होती, मामी. छत्तीस हप्ते." आणि पुढचा भाग लावला. पुढचा भाग उखाण्यांचा होता, पण यंत्राला ते सगळं हसण्याच्या गोंगाटात गेलेलं वाटलं असावं. बायकोचे ओठ हलतात, आवाज नाही. ती म्हणाली, त्या वेळीच काय ते बोलून घ्यायला हवं होतं.

आता फाइल फॅमिली ग्रुपवर गेली आहे. ती ओंकारने टाकली नाही, मी टाकली नाही. अशा गोष्टी आपल्या आपण जातात. सकाळपासून फोन येतायत. एकाला स्वतःचं पोट कमी करून हवंय. एकीला आजोबांचे जुने दात, म्हणजे न-दात, परत हवेत. धाकट्या काकांनी तांब्याचा फोटो प्रिंट काढून लॅमिनेट केला असं कळलं.

दुपारी इंदूरहून आत्याचा फोन आला. आत्या आमच्या लग्नाला आलीच नव्हती. पत्रिकेत तिच्या यजमानांचं नाव चुलत्यांच्या खाली छापलं गेलं, त्यावरून रुसली होती.

"व्हिडिओ पाहिला रे. झकास झालाय. मला सांग, ते यंत्र नसलेलं घालतं म्हणे?"

"हो, म्हणजे..."

"मग मला घाल. पहिल्या रांगेत. मोरपंखी पैठणी, आणि यांना फेटा."

ओंकार शेजारीच होता. त्याने अंगठा वर केला. जमेल म्हणे, फोटो तेवढा पाठवायला सांगा.

"जमेल म्हणतोय, आत्या."

"बरं झालं बाई. फक्त तुझ्या त्या मामीच्या शेजारी नको."