‘उपग्रह गप्प झाला तरी मुलं शिकलीच’ हे खरं नाही

विद्यार्थ्यांनी बनवलेला एखादा उपग्रह कक्षेत जाऊन गप्प झाला, की एक मजकूर हमखास फिरतो: "स्वस्त भागांचा उपग्रह टिकणार कसा? अवकाशातलं जमिनीवर तपासता येत नाही. आणि बिघडला तरी मुलं शिकली ना!" या तिन्ही गोष्टी मला पटत नाहीत.

स्वस्त भागांचं उत्तर टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केव्हाच दिलंय. जून २००३मध्ये सोडलेला त्यांचा एक्सआय-फोर म्हणजे दहा सेंटिमीटरचा ठोकळा, आत बाजारात मिळणारे भाग. दहा वर्षं उलटल्यावरही त्याचे संदेश येत होते.

जमिनीवर सगळं तपासता येत नाही, हे खरं. पण बऱ्याच मोहिमा बुडतात त्या टेबलावर सापडू शकणाऱ्या चुकांमुळे. सेंट लुईस विद्यापीठाचे मायकेल स्वार्टवाउट अशा मोहिमांची नोंद ठेवतात. पूर्ण जोडलेला उपग्रह पुरेसा वेळ चालवून पाहिलाच जात नाही, यावर त्यांनी बोट ठेवलंय. लॅपटॉपची केबल लावलेली असेपर्यंत उपग्रहाचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड छान चालतो, कारण वीज केबलमधून येत असते. केबल काढा, बॅटरी पार उतरू द्या आणि सौर पट्ट्यांवर दिवा धरा. उपग्रह आपण होऊन जागा होतो का? अँटेना बांधून ठेवणारा नायलॉनचा दोरा कक्षेत गेल्यावर बॅटरीच्या विजेने जाळायचा असतो, म्हणजे अँटेना उघडते. खोलीतल्या उबेत तो जळतो; थंडगार बॅटरीवर जळेल का? याला पैसे फार लागत नाहीत, आठवडे लागतात. आणि काम लांबलं की कात्री लागते ती नेमकी याच आठवड्यांना.

राहिलं ‘मुलं शिकली’. गप्प उपग्रह कशामुळे गप्प झाला, हे कोण सांगणार? तोवर ती तुकडी पदवी घेऊन गेलेली असते. चाचणीच्या वहीत काय फसलं, तेव्हा व्होल्टेज किती होतं, हे लिहिलेलं नसेल तर पुढची तुकडी तीच चूक पुन्हा करते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा किकसॅट हा उपग्रह एप्रिल २०१४मध्ये कक्षेत गेला. पोटातले १०४ चिमुकले उपग्रह त्याने सोळा दिवसांनी सोडायचे होते. त्याआधीच, बहुधा किरणोत्सर्गामुळे, घड्याळ शून्यावर आलं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. जमिनीवरून आज्ञा द्यावी, तर ती ऐकण्याइतकी बॅटरी भरेना. मे महिन्यात तो वातावरणात शिरून सगळ्या पिल्लांसकट जळून गेला. पण त्याचे संदेश ऐकले गेले होते, काय बिघडलं हे उघडपणे मांडलंही गेलं. किकसॅट-२ने मार्च २०१९मध्ये आपली पिल्लं अवकाशात सोडली.