शेवटी काय उजेड पाडला?

घरच्या घरी प्रोजेक्टर बनवायला काय काय लागतं हे सांगणारे लोक यादी एका दमात म्हणून टाकतात. जुना एलसीडी मॉनिटर, दोन फ्रेनेल भिंगं (गोल गोल खाचांची पातळ, चपटी भिंगं), पुढे एक प्रोजेक्शन लेन्स, हे सगळं मावेल अशी पेटी, आणि हो, एक दिवा. दिव्याचा उल्लेख असा जाता जाता होतो. सगळी गोम तिथेच आहे. पेटी कुणीही ठोकतं. दिवा निवडायला बसलं की आधी माणसाची झोप उडते, मग घरच्यांची, आणि शेवटी फ्यूज.

सुरुवात मोडतोडीने होते, म्हणून ती आनंदाची असते. १५ इंची मॉनिटर माळ्यावरून खाली आला. स्क्रू निघाले, मागच्या दिव्याच्या नळ्या निघाल्या, दुधी रंगाचे कागद निघाले. उरलं ते पॅनेल. आरपार दिसणारी काच, आणि तिच्या कडेला नाजूक रिबन केबलींना लोंबकळणारं सर्किट. ती केबल काचेपाशी तुटली तर घरी बसून तिला डाग देणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही.

"अहो, चालू होता ना तो?" हिने विचारलं.

चालूच होता. पॅनेलच बंद पडलेल्या मॉनिटरचा प्रोजेक्टर होत नाही. चालू वस्तूच मोडावी लागते हे बायकोच्या गळी उतरवणं हा या विद्येतला पहिला धडा, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही.

आता या काचेमागे दिवा लावला की चित्र भिंतीवर पडणार, इतकं सोपं वाटतं. पण एलसीडी पॅनेलइतकी उजेडखाऊ वस्तू दुसरी नसेल. पहिला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी, निम्म्याहून जास्त प्रकाश गिळतो. मग लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या गाळण्या उरलेल्यातला दोन-तृतीयांश ठेवून घेतात. पिक्सेलच्या आजूबाजूच्या तारा आणि काळ्या चौकटी आपला वाटा घेतात. मागून शंभर टाकले तर पुढे पाच-सात निघतात. तेही भिंतीवर पसरायचे. पडदा दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केला की उजेड एक-चतुर्थांश. घरात मात्र प्रत्येकाला भिंतभर चित्र हवं असतं.

"मग मोठा दिवा लाव की!" हा सल्ला ज्याने दिला नाही असा माणूस घरी आला नाही. मेहुण्याने तर चार ट्यूबलाइट शेजारी शेजारी बसवायची आकृतीच काढून दिली. त्याला कसं सांगणार की मोठा दिवा हाच घोटाळा आहे? उजेड एखाद्या ठिपक्यातून निघत असेल तर भिंग त्याला वळण लावून पॅनेलमधून थेट लेन्सच्या तोंडात सोडतं. दिवा हातभर लांब असला की त्यातले बरेचसे किरण लेन्सच्या डावी-उजवीकडून निघून जातात. मोठ्या दिव्याचा प्रकाश एकाच वेळी बारीक आणि सरळ, असा दोन्ही करता येत नाही. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही करून बघितलंय का?" नियमांचं हेच दुःख, ते करून बघावे लागतात. ट्यूब लावल्या. खोली लख्ख झाली, भिंतीवरचं चित्र तेवढं दिसेना.

ही अडचण जुनीच आहे म्हणा. १६५९ मध्ये हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने जादूचा कंदील, म्हणजे प्रोजेक्टरचा पणजोबा, बनवला तेव्हा आत तेलाचा दिवा असायचा, आणि चित्राइतकाच धूरही निघत असणार. अठराव्या शतकात काही चतुर लोकांनी खिडकीतून आरशाने सरळ सूर्य आत घेतला आणि सूक्ष्मदर्शकातली पिसू भिंतीएवढी करून दाखवली. सूर्यासारखा दिवा नाही हे खरं, फक्त तो रात्री मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याचा खडा पांढराशुभ्र होईपर्यंत तापवायचे. पुढे थिएटरांत झेनॉनचे दिवे आले. त्यांत वायू इतक्या दाबाने भरलेला असतो की ते बदलणारा माणूस तोंडावर ढाल आणि हातात जाड मोजे घालतो. हे वाचल्यावर आपल्या फ्यूजचं काही वाटेनासं होतं.

तर ठिपक्याएवढा आणि झगझगीत म्हणून हॅलोजन आणला. ५०० वॉट. पेटवल्याबरोबर भिंतीवर खरोखरीचं चित्र आलं. जरा पिवळट, पण चित्र. बातम्या लागल्या होत्या. सगळे जमले. शाबासकी मिळण्याच्या बेतात असताना बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालावर एक तीळ उमटला.

"हा आधी नव्हता वाटतं," आई म्हणाली.

तीळ वाढत गेला. गाल गेला, नाक गेलं, एक डोळा गेला. बाई शांतपणे हवामान सांगत होत्या. अर्ध्या मिनिटात पडद्याच्या मधोमध काळाकुट्ट डाग, आणि त्याच्या कडेने बाईंचे केस तेवढे शिल्लक. झालं असं की हॅलोजन खाल्लेल्या विजेतला फार थोडा भाग उजेडाला देतो, बाकी सगळी धग. पॅनेलमधले द्रवस्फटिक एका ठरावीक तापमानाच्या वर गेले की शिस्त सोडून साधा द्रव होतात. मग ते प्रकाशाला पीळ देत नाहीत, आणि पुढचा पोलरायझर तो पीळ नसलेला प्रकाश अडवून धरतो. सर्वांत गरम भाग मधला, म्हणून काळोखही मधून सुरू. दिवा बंद केला, टेबलफॅन लावला. पुन्हा चालू केल्यावर बाई नाकाडोळ्यांसकट परत आल्या. बातम्या मात्र संपल्या होत्या.

पुढे मेहुण्याचं मन मेटल हॅलाइड दिव्यावर बसलं. स्टेडियमला असतो तसला, ४०० वॉटचा. उजेड भरपूर आणि ठिणगी लहान, हे कबूल. पण त्याचा थाट वेगळा. वीज आवरायला बॅलास्ट हवा, पेटवायला इग्नायटर हवा, सुरू होताना हजारो व्होल्टचा ठोका हवा. पेटल्यावर पूर्ण तेजात यायला त्याला काही मिनिटं लागतात. वीज क्षणभर गेली तर लगेच पेटणार नाही, आधी गार होणार, मग मनात आलं तर. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना हे परवडणारं नाही. शिवाय बाहेरची काच फुटूनही दिवा पेटता राहिला तर अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजून काढतात. ही म्हणाली, "त्यापेक्षा ट्यूब बरी होती." मेहुणा अजून रुसलेला आहे.

शेवटी एलईडी. १०० वॉटचा सीओबी (एकाच तुकड्यावर दाटीने बसवलेले पुष्कळ एलईडी) म्हणजे नखाहून थोडा मोठा पिवळा चौकोन, त्याला ३० च्या वर व्होल्ट आणि जवळपास ३ अँपिअर. हॅलोजन तोंडावर तापतो, एलईडी पाठीमागे तापतो. माणसांतही हे दोन प्रकार असतात, आणि दुसऱ्यापासून जास्त जपावं लागतं. समोर हात धरला तर साधारण गार, आणि मागे धातूला बोट लावलं तर चटका. म्हणून त्याच्या पाठीला धग वाहून नेणारी थर्मल पेस्ट फासून जुन्या संगणकाचा कूलर जखडला. त्यावर पंखा. पॅनेलसाठी आणखी एक पंखा. आता चित्र छान येतं आणि संवाद ऐकू येत नाहीत.

पॅनेल बसवायचं काम रुसवा काढण्यासाठी मेहुण्याला दिलं होतं. लेन्स चित्र उलटं करते, म्हणून पॅनेल डोकं खाली करून लावायचं असतं. त्याने डोकं खाली केलंच, वर पाठही फिरवली. काच दोन्हीकडून सारखीच आरपार, त्यामुळे वरवर काही कळेना. सामना रंगला. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "काय रे, आज दोन्हीकडचे सगळेच डावरे कसे?" तेव्हा कुठे धावफलकाकडे लक्ष गेलं. आकडे आरशात पाहिल्यासारखे दिसत होते.

ते सरळ केलं. फ्रेनेल भिंगाची वर्तुळं चित्रात पुसट दिसतात, ती पॅनेलपासून जरा लांब सरकवून घालवली. या भिंगाबद्दल मला आदर आहे. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं, जहाजांना मैलोन् मैल उजेड दाखवायला. माझ्याकडे त्याला भिंतीपर्यंत पोचायचं आहे.

उरला एक प्रश्न. हवा खेळायला पेटीच्या वरच्या बाजूला भोक पाडलंय, आणि त्यातून उजेड छताला जातो. एलईडीतून निघणारे आठ-नऊ हजार ल्यूमेन (हे उजेडाचं माप), त्यातले पडद्यावर फार तर दोन-तीनशे, आणि छतावर इतका झगझगाट की चित्रातला काळा रंग करडा दिसतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. खोलीत जेवढा अंधार असेल तेवढाच चित्रात काळा. उपाय सोपा आहे. भोकावर नागमोडी वळणाचं, आतून काळं रंगवलेलं एक झाकण बसवायचं. हवा वळणं घेत बाहेर जाते, उजेडाला वळता येत नाही.

झाकण तयार करून बसवायला घेतलं.

"अरे, ते भोक बुजवू नकोस," आई म्हणाली.

"का?"

"तुझं ते चित्र चालू असलं की घरातला एकेक दिवा घालवून बसता सगळे. मला त्या छताच्याच उजेडात शब्दकोडं दिसतं." तिने चष्मा वर केला. "आणि 'प्रकाश' याला पाच अक्षरी काय रे, शेवटी 'ण' आहे?"