शेपटीखालचा आकडा

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होतो, त्यामुळे दार बायकोने उघडलं. साडेचार फूट लांब, चपटा खोका. कुरिअरवाल्याला सज्ञान माणसाची सही हवी होती. हिने ती केली, खोका उचलायला गेली आणि तसाच खाली ठेवला.

"हे काय मागवलंस?"

"पडद्याची दांडी," मी म्हणालो आणि मग म्यूटचं बटण दाबलं. कॉलवरच्या अकरा जणांपैकी दोघे पुण्याचे. त्यांनी लगेच चॅटवर विचारलं, कुठून घेतलीस, कितीला पडली.

"सहा किलोची दांडी? पडदे काय सतरंजीचे लावणार आहेस?"

खोक्यात एक रायफल होती. आता हे असं वाक्य सांगलीत वाढलेल्या माणसाने लिहावं हे मलाही विचित्र वाटतं. आमच्याकडे बंदूक दिसायची ती बँकेच्या वॉचमनकडे. त्याच्याकडे बघून बंदुकीपेक्षा त्याचीच काळजी वाटायची. बाकी ज्यांच्याकडे परवाने, ते निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करून यायचे. कॉलेजात एनसीसीला आम्हाला थ्री नॉट थ्री हाताळायला मिळाली. चालवायला नाही. चालवायला पॉइंट टूटू, तीही वर्षातून पाच गोळ्या. थ्री नॉट थ्री फक्त पुसायला. नळीत दोरी सोडायची, दोरीला चिंधी, चिंधीला तेल, आणि ओढायची. माझं प्रेम बसलं ते तिथे. नेमबाजीवर नाही, पुसण्यावर.

मग नोकरीने ओहायोत आणून टाकलं आणि शेजारी निघाले एक निवृत्त आजोबा. त्यांच्या तळघरात भिंतीला लागून एकोणीस रशियन रायफली उभ्या. सगळ्या मोसिन-नागांत. मी एकीवरून हात फिरवला आणि सवयीने चिंधी शोधू लागलो. आजोबांनी ओळखलं, गिऱ्हाईक आपल्यातलं आहे.

"ही मी नव्वद डॉलरला घेतली," ते म्हणाले. "तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानात पिंपात उभ्या करून ठेवलेल्या असायच्या, छत्र्यांसारख्या. हवी ती उपसून घ्यायची."

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमचे एक काका 'तेव्हा कोथरूडला प्लॉट घेऊन ठेवला असता तर' या विषयावर गेली चाळीस वर्षं बोलतायत. मोसिनवाल्यांचं कोथरूड म्हणजे ती पिंपं. रशियाने या रायफली कोट्यवधी बनवल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतल्या पेट्याच्या पेट्या अमेरिकेत आल्या, आणि लोकांना वाटलं हा झरा आटणार नाही. तो आटला. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बंदुका आणि काडतुसांच्या आयातीला नवे परवाने देणं थांबवलं. मी या छंदात उतरलो २०२२ मध्ये. आमच्या घराण्यात हे असंच.

परवाना मात्र मी आधी काढला. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी तिकडे वेगळा केंद्रीय परवाना आहे. तीन वर्षांचे तीस डॉलर. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली बंदूक त्यावर थेट घरी मागवता येते. अर्जाची एक प्रत आपण होऊन गावच्या पोलीसप्रमुखाला पाठवायची असते. आपण होऊन पोलिसांना पत्र लिहिताना माझा हात थरथरत होता. शिवाय घरात एक वही ठेवायची: बंदूक कधी आली, कुणाकडून आली, कुणी बनवली, नंबर काय. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी, फक्त ही तपासायला सरकार येऊ शकतं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, बंदुकीचं लायसन्स मिळालं. ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "नोकरी गेली का रे? कुठल्या बँकेत उभं राहायचं आहे?"

पहिली रायफल आली ती १९४२ सालची, सोव्हिएत, आणि कॉस्मोलिनमध्ये बुडवलेली. कॉस्मोलिन म्हणजे गंज लागू नये म्हणून फासलेलं मेणकट वंगण. रंग काकवीचा, चिकटपणा काकवीचा, आणि वास असा की काकवीवरून मन उडावं. ते काढायचा शास्त्रोक्त मार्ग म्हणजे रायफल काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवायची, वंगण आपोआप पाझरतं. ओहायोत तेव्हा जानेवारी होता. मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, ओव्हनमध्ये ठेवला. पुढचे दोन महिने आमच्या घरच्या ढोकळ्याला लाल सैन्याचा वास होता.

खरा छळ मात्र ऑनलाइन लिलावाचा. जाहिराती वाचून असं वाटतं की रशियन सैन्यात साधा शिपाई नव्हताच. प्रत्येक रायफल 'स्नायपर'. प्रत्येक नळी 'आरशासारखी'. प्रत्येक विक्रेता म्हणतो, 'मला बंदुकांतलं काही कळत नाही, आजोबांच्या माळ्यावर सापडली,' आणि किंमत मात्र अशी लावतो की आजोबांना सगळं कळत होतं. फोटो बारा. त्यांतले नऊ गालिच्याचे, दोन मांजराचे, आणि एकात कोपऱ्यातून नळीचं टोक डोकावतंय. शेवटच्या मिनिटाला कुणी बोली वाढवली की लिलावाचं घड्याळ पंधरा मिनिटांनी पुढे ढकललं जातं, म्हणजे दहाला संपणारा लिलाव दीडला संपतो. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात जे हुकमी हत्यार असतं, 'राहू दे' म्हणून चार पावलं चालायचं आणि मागून हाक येण्याची वाट बघायची, ते इथे चालत नाही. मी दोनदा लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. कुणी हाक मारली नाही.

तर पडद्याच्या दांडीकडे येऊ. ही होती एम-३९, म्हणजे मोसिनचाच फिनलंडचा अवतार. फिनलंड १९१७ पर्यंत रशियाच्या ताब्यात होतं. रशियन गेले, रायफली राहिल्या. फिनिश लोकांनी पुढे नळी आपली बसवली, दस्ता आपला बसवला, पण बोल्ट जिच्यात फिरतो ती मधली पेटी, रिसीव्हर, त्यांनी कधीच बनवली नाही. ती कायम रशियाचीच, जुन्या रायफलींची काढलेली. आणि अमेरिकन कायद्याच्या लेखी रायफल म्हणजे फक्त रिसीव्हर. तोच सातबारा. बाकी सगळी कुळं.

याचा परिणाम मोठा गमतीचा. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात 'अँटिक' ठरते, म्हणजे बंदूकच ठरत नाही. (राज्यांचे नियम पुन्हा वेगळे, त्यात शिरत नाही.) त्यामुळे नळी १९४२ ची, दस्ता १९४२ चा, युद्धात लढलेली, आजही उत्तम चालेल अशी रायफल, पण रिसीव्हर झारच्या काळातला १८९७ चा असेल तर कायदा म्हणतो, ही बंदूक नव्हे, ही शोभेची वस्तू. वहीत नोंदसुद्धा नको. आणि तिची किंमत इतर एम-३९ पेक्षा सणसणीत जास्त. नोंद न करण्याच्या सुखासाठी माणूस किती पैसे मोजतो हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मेख एकच. ते साल कोरलेलं असतं रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या खालच्या अंगाला, दस्त्याच्या लाकडात गडप. रायफल पूर्ण उलगडल्याशिवाय ते दिसत नाही. विक्रेता लिहितो, 'वडिलांनी चिठ्ठीवर १८९७ लिहून ठेवलंय, मी स्क्रू काढणार नाही, माल आहे तसा, परत घेणार नाही.' मी त्या चिठ्ठीचा फोटो मोठा करून पाहिला. अक्षर वळणदार होतं. वळणदार अक्षराच्या माणसावर आपला विश्वास बसतो. त्या चिठ्ठीचे मी दोनशे डॉलर जास्त मोजले. तरी आपलं राहू दे म्हणून विक्रेत्याला परवान्याची प्रत पाठवून ठेवली होती. आयुष्यात केलेली एवढीच शहाणपणाची गोष्ट.

खोका उघडल्यावर हिला विश्वासात घेणं भाग होतं. म्हटलं, "ही तुला आहे."

"मला? मला कशाला?"

"तुला म्हणजे तुला नाही. तुला हे रशियातलं गाव. तिथल्या कारखान्याची आहे. हा बघ हातोड्याचा छाप. इझेव्हस्कची असती तर धनुष्यबाण असता."

"धनुष्यबाण नकोच. आधी कुणाचा ते ठरू दे." मग थोडं थांबून, "आणि या तुलामध्ये बंदुकांशिवाय काही बनतच नाही?"

"सामोवार बनतात, चहाचं पाणी उकळायचे. प्रसिद्ध आहेत."

"मग सामोवार आणायचास."

मी विषय बदलला. मोसिनची गोष्ट सांगितली. सर्गेई मोसिन, तुलाचा तोफखान्यातला अधिकारी. त्याची रायफल आणि बेल्जियमच्या नागांतची रायफल यांच्यात १८९१ मध्ये निवड व्हायची होती. घेतली मुख्यतः मोसिनची, त्यात नागांतच्या थोड्या कल्पना घातल्या. पैसे दिले ते असे: नागांतला दोन लाख रूबल, मोसिनला तीस हजार. नाव कुणाचंच नाही. झारने मंजूर केली ती नुसती 'तीन लाइनची रायफल'. लाइन म्हणजे इंचाचा दहावा भाग, तीन लाइन म्हणजे नळीचा व्यास, ७.६२ मिलिमीटर. आणि याच मोसिनचं एका विवाहितेवर प्रेम होतं. तिच्या नवऱ्याने घटस्फोटासाठी पन्नास हजार रूबल मागितले, असं सांगतात.

"मिळाले तीस आणि मागितले पन्नास?"

"हो. पण शेवटी केलं त्यांनी लग्न."

हिने रायफलीकडे पहिल्यांदा जरा बऱ्या नजरेने पाहिलं. "आणि तू माझ्यासाठी काय बनवलंस?" म्हणाली.

मी स्क्रूड्रायव्हर शोधायला गेलो.

स्क्रू दोन. पुढचा निघाला. शेपटीतला हलेना. बहुधा कुणा फिनिश कारागिराने १९४२ मध्ये आवळला असावा, परत उघडायचा नाही अशा निश्चयाने. आजोबांनी कुंपणापलीकडून बजावलं होतं की स्क्रूच्या खाचेला ओरखडा काढशील तर माझ्या तळघरात पाऊल ठेवू नकोस. गंज सोडवायचं तेल घरात नव्हतं. हिने खोबरेलाची बाटली दिली. ऑक्टोबर असल्यामुळे ते दगड झालं होतं. ते वितळवलं, थेंब थेंब सोडलं, रात्रभर ठेवलं. सकाळी स्क्रू फिरला तेव्हा 'कर्र' असा आवाज आला आणि घरभर न्हाणीघराचा वास सुटला.

योगायोगाने त्या दिवशी खंडेनवमी होती. हिने दिवाणखान्यात पाट मांडून त्यावर तिचा मिक्सर, माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि विळी मांडली होती. समोर रांगोळी चालू होती आणि लॅपटॉपच्या शेजारी टेकवलेल्या फोनमधून आई सूचना करत होती. मी दस्ता वेगळा केला आणि रिसीव्हर उलटा केला. १. ८. ९. आणि चौथ्या आकड्यावर गंजाचा फोड. टॉर्च मारला, भिंग लावलं. वर एक गोल दिसत होता. साताला गोल नसतो, म्हणजे चिठ्ठी गेली. वळणदार अक्षर गेलं. आता एकच आशा, आठ. आठ चालला असता. इंग्रजी आठ आणि नऊ यांत फरक फक्त खालच्या गोलाचा, तो मिटलेला आहे की उघडा आहे एवढाच, आणि नेमका तिथेच फोड.

"दे इकडे," ही म्हणाली. चिमूटभर रांगोळी घेऊन तिने त्या आकड्यावर दाबली, अंगठ्याने घासली आणि फुंकर मारली.

शेपटीवर पांढराशुभ्र, छापल्यासारखा १८९९ उमटला.

झारच्या कुणा लोहाराने आणखी थोडी घाई केली असती तर! मी वही आणली. पाटाशेजारी मांडी घालून बसलो आणि नोंद केली: तारीख, विक्रेता, तुला, नंबर. बोटांना रांगोळी होती, ती पानाला लागली.

"म्हणजे काय झालं?" हिने विचारलं.

"म्हणजे ही अँटिक नाही."

"अँटिक नाही म्हणजे नवीनच की!"

फोनमधून आईला एवढाच शब्द ऐकू गेला. "नवीन आहे? मग नुसती ठेवू नका रे तशीच. कुंकवाचं स्वस्तिक काढा, फुलं वाहा, नारळ फोडा. तुझ्या बाबांची स्कूटर आणली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, आठवतं ना?"

हिने मुकाट्याने फ्रिजमधून लिंबू आणलं, झेंडूची दोन फुलं बोल्टमध्ये खोवली, आणि लिंबू हातात धरून उलगडलेल्या रायफलीकडे आणि मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

"चाक कुठलं समजायचं?"