सेन्सरला नळी ओळखता येत नाही

'दुर्बिणीच्या ऑपरेशनात डॉक्टरच्या हाताला काहीच जाणवत नाही, म्हणून चुकीची नळी कापली जाते. परदेशात सेन्सरवाल्या हत्यारांनी हे थांबलंय. हाताची सर कशाला नाही, पोट उघडूनच करून घ्या.' हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचला आणि पित्ताशयातल्या खड्यांचं ठरलेलं ऑपरेशन तिने पुढे ढकललं. खडे काही फॉरवर्ड वाचून थांबत नाहीत.

'काहीच जाणवत नाही' हे खोटं. लांब दांड्याच्या चिमट्यातूनही ताण हाताला कळतो. फक्त पोटातल्या छिद्रापाशी होणारं घर्षण त्यात मिसळतं आणि बोटांनी चाचपता येत नाही, एवढं मान्य. पोट उघडून करताना पित्तनलिकेला इजा थोडी कमी व्हायची, हेही मान्य.

पण चुकीची नळी कापली कशामुळे जाते? अमेरिकन सर्जन लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या अशा 252 इजा तपासून 2003 साली 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी' या वैद्यकीय नियतकालिकात मांडल्या. 97 टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम होता. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटली. हातातल्या कौशल्यात खोट निघाली जेमतेम 3 टक्क्यांत. चाचपता आलं असतं तर काहींचा भ्रम फिटला असता म्हणा हवं तर. सेन्सरने मात्र नसता फिटला. तो किती जोराने ओढताय ते सांगतो, काय ओढताय ते नाही. चुकीची नळी हळुवार धरली तर तो बिचारा खूशच. खरा उपाय सर्जनना 1995 पासून ठाऊक आहे: चरबी साफ करून पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि धमनी, स्वच्छ दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही.

'परदेशात' म्हणाल, तर शस्त्रक्रियेच्या दा विंची रोबोला अमेरिकेत 2000 साली मंजुरी मिळाली, आणि जोर हाताला जाणवून देणारी हत्यारं त्यात आली 2024 च्या मॉडेलपासून. तोवर त्या रोबोवर काम करणारे सर्जन ताण डोळ्यांनीच जोखत होते.

हाताची सर? डुकराच्या डोळ्यांच्या पडद्यावर 1999 साली मोजलं, तेव्हा 7.5 मिलिन्यूटनखालचे, म्हणजे एक ग्रॅम वजनापेक्षाही हलके, स्पर्श सर्जनना 19 टक्के वेळाच जाणवले. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोर मोजणारे ऑप्टिकल फायबर बसवलेली नाजूक हत्यारं बनली ती डोळ्याच्या याच कामासाठी. पित्ताशयाशी त्यांचा संबंध नाही.

आणि दुर्बिणीचं तंत्र आपल्याकडे नवखंही नाही. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईत 1990 मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. मावशीने डॉक्टरांना सेन्सरबद्दल नाही, एवढंच विचारावं: नळी ओळखू आली नाही, तर तुम्ही काय करता?