सुपारीबद्दल पण लिहा

तोंडाच्या कॅन्सरवरच्या तुमच्या लेखात तंबाखू आणि तोंडातली न भरणारी जखम आलीय, पण सुपारीचं काहीच नाही. आमच्या इंदूरला गुटखा २०१२ पासून बंद, तर लोक पानमसाला नि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या घेऊन मिसळतात, आणि नुसती सुपारी खाणाऱ्याला वाटतं आपल्याला काय होणार! सुपारीनेही कॅन्सर होतो. आमच्या मामांना पोह्यांवरची शेव झोंबायला लागली, मग तोंड नीट उघडेना, तीन बोटं उभी आत जाईनात, तरी दुखत नाही म्हणून दाखवायलाच तयार नव्हते, अहो सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही! पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना एकाच बाजूचा कान दुखणं, यातलं काहीही असलं तरी गुळण्या करत बसू नका, ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.