घरची मराठी बंद करू नका : एक खुलासा

‘ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाशी घरी मराठी बोलू नका, फक्त शाळेची इंग्रजी, नाहीतर बोलणं लांबेल’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला. चूक माझीच.

कॅनडातल्या संशोधकांच्या २००५ च्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेली द्विभाषिक मुलं इंग्रजीत तशाच एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती. ऑटिझमवरच्या नंतरच्या अभ्यासांतही दुसऱ्या भाषेमुळे नुकसान दिसलेलं नाही. भाषेची खरी अडचण दोन्ही भाषांत जाणवते, म्हणून तपासणीही दोन्हींत करून घ्या. आणि मराठी काढून घेतली तर पोरानं आजीशी बोलायचं कसं?

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.